तिसऱ्या पोर्टची भिंत

फोन आला तेव्हा हेडमास्तरचं बोट इंजिनाच्या चौथ्या पोर्टमध्ये होतं, पार मुळापर्यंत. कटर अजून लावायचा होता. तो नुसता अंदाज घेत होता. फोन त्याने डाव्या हाताने उचलला आणि बोट तिथेच राहू दिलं, वाचताना कुणी हाक मारली की आपण ओळीवर ठेवतो तसं. पलीकडे बायको कामाला जायची त्या कपड्यांच्या दुकानातली कॅशियर होती. "घाबरू नका हं," ती म्हणाली, म्हणजे घाबरायचं काहीतरी होतं. "वहिनींना चक्कर आली. डॉक्टरकडे नेऊन आणलं, आता घरी आणून झोपवलंय. ताप आहे, चांगला सणसणीत. डॉक्टर म्हणाले, सकाळपासूनच असणार." "सकाळपासून?" हेडमास्तरने विचारलं. "हो ना. मी रागावलेच त्यांना, म्हटलं एवढ्या तापात आलातच कशाला. तर म्हणतात, आमच्या ह्यांनी हात लावून बघितलं होतं, ते नाही म्हणाले." कॅशियर जरा हसली. त्या हसण्यात वाकडं काही नव्हतं, बायकोच्या भाबडेपणाला ती हसली असावी. "येतो," म्हणून त्याने फोन ठेवला. बोट अजून आतच होतं, आणि त्या बोटाला काय लागतंय हे त्याने स्वतःला विचारून पाहिलं. काहीच लागत नव्हतं. धातू गार असतो, कडा टोचते, ओतकामाची खरखर लागते, यातलं काहीही नाही. बोट कुठेतरी आहे एवढंच खांद्याकडून कळत होतं.

हेडमास्तर हे नाव बाजाराने ठेवलेलं. शाळेशी त्याचं कधी फारसं जमलं नाही, पण गॅरेजवाले इंजिनाचा वरचा भाग, ज्याला ते हेड म्हणतात, तेवढाच सोडवून त्याच्याकडे पाठवत आणि तो दिवसभर असल्या हेडांसमोर बसून असे. मग दुसरं नाव काय पडणार. हेडमध्ये हवा आत जायच्या आणि धूर बाहेर पडायच्या वाटा असतात, ते पोर्ट. कारखान्यातलं ओतकाम घाईचं असतं. व्हॉल्व्हच्या बैठकीखाली एक कंगोरा राहून जातो, वळण ओबडधोबड राहतं, आणि हवेला तिथे ठेच लागते. तो कंगोरा काढला, वळण नीट गोल केलं की तीच जुनी गाडी मोकळा श्वास घ्यायला लागते आणि रस्त्यावर चटकन उचल खाते. पैसेवाले लोक मोठे व्हॉल्व्ह टाकतात, हवा मोजायच्या यंत्रावर हेड चढवतात, काय काय करतात. हेडमास्तरकडे येणारे पैसेवाले नसायचे. त्यांचं काम एक ग्राइंडर, दोन-तीन कटर, पॉलिश पेपरच्या गुंडाळ्या आणि त्याची बोटं एवढ्यावर भागायचं. धुराचे पोर्ट तो तसेच ठेवायचा, हवेचे चारच करायचा, आणि त्यातही आरशासारखं चमकवायच्या भानगडीत पडायचा नाही. "थोडक्यात काम करायचं म्हणजे," तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "कुठे हात लावायचा नाही ते कळलं पाहिजे. खरवडायला काय, कुणीही खरवडेल." कारण पोर्टच्या भिंतीपलीकडे पाणी असतं. इंजिन थंड ठेवणारं पाणी त्या भिंतीमागून फिरतं, आणि एखाद्या जागी भिंत पातळ झाली की आज ना उद्या तिथे चीर जाते, पाणी आत शिरतं आणि चालती गाडी भर रस्त्यात बसते. भिंत मोजायचं वाकडं हत्यार त्याच्याकडे कधीच नव्हतं. उजव्या हाताचं बोट पोर्टमधून घालायचं, डाव्या हाताचं पाण्याच्या भोकातून, आणि मधली भिंत चिमटीत धरायची. किती उरलंय ते बोटं सांगत. इतकी वर्षं त्यांनी सांगितलं, त्याने ऐकलं, आणि त्याच्या हातचं एकही हेड पाणी प्यायलं नव्हतं.

आणि तोच हात सकाळी बायकोच्या कपाळाला लावून तो म्हणाला होता, काही नाही, गार आहेस. ती आरशासमोर केसांना पिना लावत होती. "अहो, जरा बघता का, अंग तापल्यासारखं वाटतंय," म्हणून तिने न वळता डोकं मागे केलं, न्हाव्याकडे करतात तसं. त्याने हात ठेवला. आता आठवताना त्याला स्पष्ट आठवत होतं की गरम लागलं नव्हतं, पण गारही लागलं नव्हतं. आणि काही न लागणं म्हणजे ताप नसणं, असं त्याने धरलं. खरं तर धरलंही नाही, तोंडातून आपसूक गेलं. त्या घरात थर्मामीटर कधी आलाच नाही. मुलगी लहान असताना शेजारीण म्हणाली होती, एक घेऊन ठेवा बाई, लेकराचं घर आहे. तर बायको म्हणाली, आम्हाला काय करायचाय, ह्यांचा हात आहे की. मुलगी तापाने फणफणली की मायलेकी तो कामावरून यायची वाट बघत बसायच्या. तो हात साबणाने धुवायचा, टॉवेलला खसाखसा पुसायचा, आणि कपाळावर ठेवून डोळे मिटायचा. मग सांगायचा, आहे, पण उतरतोय. किंवा, चढेल अजून, औषध दे. आणि तसंच व्हायचं. मुलगी लग्न होऊन लांब गेली, तिला स्वतःचं लेकरू झालं, तरी आजारी पडली की फोनवर म्हणते, बाबा, तुमचा हात नाही ना इथे. बायकोचं तर विचारायलाच नको. स्वतःच्या अंगापेक्षा तिचा त्याच्या हातावर भरवसा. तिचं अंग ओरडून सांगत होतं, ताप आहे. हात म्हणाला, नाही. तिने अंगाला खोटं पाडलं, पिना लावल्या आणि गेली कामाला. हेडमास्तरला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती आली.

कारण हात एकच होता. समोर लाकडी ठोकळ्यांवर हेड पालथं पडलं होतं, तीन पोर्ट झालेले, चौथा कारखान्यातून आला तसा. त्या तिन्ही पोर्टांना त्याच बोटांनी पास केलं होतं. कपाळाला गार म्हणणारा हात भिंतीला जाड म्हणत असेल, तर त्या म्हणण्याला काय अर्थ. हेड एका अँब्युलन्स ड्रायव्हरचं होतं. गाडी त्याच्या सासऱ्याची, जुनी, पण अंगाने मजबूत. आठवड्यापूर्वी तो हेड पोत्यात घालून स्वतः घेऊन आला, आणि कामाचं बोलायच्या आधी पंखा कुठे आहे ते बघून त्याखाली बसला. "आयुष्यभर दुसऱ्यांना घेऊन पळालो मास्तर," तो म्हणाला, "आता एकदा स्वतःसाठी पळून बघायचंय. सायरन न लावता." खर्च मात्र आवरता ठेवा, म्हणाला. आणि उठताना दारात थांबून म्हणाला, "एकच सांगतो. मी कुणाला वाटेत सोडत नाही. गाडीने मला सोडू नये. बायको बरोबर असणार, घाटातून जायचंय." हेडमास्तरने त्याला तेव्हा छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, निर्धास्त राहा. कुठला हात, ते आता त्याच्या ध्यानात आलं.

त्याने पहिल्या पोर्टमध्ये बोट घातलं, पाण्याच्या भोकातून दुसरं घातलं, आणि चिमटीत धरलं. भिंत होती. मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. भिंत होती, होती, होती. किती होती ते मात्र बोटं बोलेनात. साक्षीदार फितूर झाल्यावर वकिलाचं होतं तसं त्याचं झालं. हे काही आज झालं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे तो स्वतःला कळू देत नव्हता. थंडीच्या सकाळी बोटं पेरापर्यंत पांढरीफटक पडायची, जणू कुणी चुन्यात बुडवलीत, आणि मग तो ती काखेत धरून दुकानात येरझाऱ्या घालायचा. दिवसभर ग्राइंडर धरला की संध्याकाळी कुलूप लावताना किल्ली हातात आहे का नाही ते बघावं लागायचं. सदऱ्याची बटणं बायको लावायला लागली होती. तो म्हणायचा, तुझ्या हातची लावली की दिवस बरा जातो, आणि ती म्हणायची, म्हातारपणी चळलात. झाकली मूठ सव्वा लाखाची. तरुणपणी ज्याच्याकडे तो काम शिकला तो म्हातारा फार कमी बोलायचा, पण शिकायला आलेल्या प्रत्येकाची एक परीक्षा घ्यायचा. पत्र्यावर एक केस ठेवायचा, त्यावर वर्तमानपत्राचं पान पसरायचा, आणि म्हणायचा, शोध. डोळे मिटून बोट फिरवायचं आणि पानाखालचा केस सांगायचा. ज्याला सापडला नाही त्याला तो गाड्या धुवायला पाठवायचा. हेडमास्तरला पहिल्या फेरीतच सापडला होता. लग्न झाल्यावर नव्या बायकोपुढे फुशारकी मारायला त्याने हाच खेळ घरी केला. तिने स्वतःचा केस उपटला, लांबसडक, तो ठेवला, त्याने शोधला. तिने दोन पानं घातली, शोधला. तिने तीन पानं घातली आणि खाली केस ठेवलाच नाही, आणि तो बराच वेळ बोट फिरवून म्हणाला, इथे काही नाही, तू लबाड आहेस. तेव्हा ती इतकी हसली होती की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. आणि गेल्या पावसाळ्यानंतर कधीतरी, ती घरी नसताना, त्याने तिच्या कंगव्यातला एक केस काढला. निम्मा पांढरा होता. टेबलावर ठेवला, वर एकच पान पसरलं, डोळे मिटले. बोट पानभर फिरून आलं. पुन्हा फिरलं. मग त्याने पान उचलून बघितलं. केस जिथल्या तिथे, मधोमध. हल्ली कागदच जाड काढतात, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि केस खिडकीतून टाकून दिला.

हेड त्याने पुन्हा पोत्यात घातलं. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. दुकानात टाकून जाववेना एवढंच खरं. स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये पोतं उभं केलं, दुकानाचं दार लोटलं, कुलूप लावलं, किल्ली हातात आहे का ते बघितलं. रस्त्यावर दुपार उतरत होती. सिग्नलला एक गाडी त्याच्या शेजारी येऊन थांबली आणि सुटताना चटकन पुढे गेली. त्या आवाजावरून त्याने ओळखलं, त्याच्याच हातचं हेड, बऱ्याच वर्षांपूर्वीचं. एरवी त्याला बरं वाटलं असतं. आज त्याला नुसतं थकल्यासारखं वाटलं. किती गाड्या असतील अशा रस्त्यावर, आणि त्यातल्या चांगल्या बोटांच्या किती आणि अलीकडच्या या मेलेल्या बोटांच्या किती. त्याने अलीकडची हेडं आठवून पाहिली: बेकरीवाल्याचं, त्या जुळ्या भावांचं, बँकेतल्या शिपायाचं. कुणाची तक्रार नव्हती. पण सकाळी त्याने हात काढल्यावर बायकोनेही तक्रार केली नव्हती. जिना चढताना पोतं तिसऱ्या वळणावर जड झालं आणि त्याने ते कडेवर घेतलं.

घरात औषधाचा वास होता. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती, अंगावर पांघरूण, कपाळावर ओला रुमाल. उशाशी गोळ्यांची पाकिटं आणि एक थर्मामीटर, नवाकोरा, प्लॅस्टिकच्या नळीत. कॅशियरने येताना घेतला असणार. हेडमास्तरची नजर आधी त्यावरच गेली. पोतं खाली ठेवल्याचा आवाज झाला तशी ती वळली. "आलात? काय आणलंत?" "हेड." "घरी?" तिने डोळे मोठे केले. लोखंड-ॲल्युमिनियमचा कण घरात आणायचा नाही, हा तिचा लग्नापासूनचा कायदा. दाराबाहेर कपडे झटकून तो आत यायचा. "राहू दे," ती म्हणाली, "आणलंत तर आणलंत. मला उठवत नाही भांडायला." तो खाटेशेजारी स्टूल घेऊन बसला. बरं आहे का, काही खाल्लंस का, असं विचारून झालं. तिने त्याला गोळ्या कधी कुठली ते सांगितलं. सकाळचा विषय दोघांनीही काढला नाही. ती रुमाल उलटा करायला लागली तेव्हा त्याने तो घेतला, मोरीत जाऊन ओला करून आणला आणि कपाळावर ठेवताना बोटं तिला लागू नयेत इतक्या अलगद ठेवला. मग त्याने पोतं जवळ ओढलं. म्हणाला, "अगं, एक काम आहे. जमेल तर बघ, नाही तर राहू दे."

हेड त्याने खाटेवर तिच्याजवळ ठेवलं, खाली जुनी चादर घालून. ती उशीला टेकून बसली. "इथून हे बोट घाल, इथून ते. मध्ये भिंत लागेल. किती जाड आहे ते सांग." त्याने खिशातून एक नाणं काढलं, स्वयंपाकघरातून डब्याचं झाकण आणलं. "या नाण्याच्या दुप्पट असेल तर ठीक. या झाकणाएवढं असेल तर..." "नाणंबिणं ठेवा बाजूला," ती म्हणाली. "मला कापडाचं कळतं, तेच सांगेन." कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती आयुष्यभर लोकांच्या विजारी आखूड आणि झगे सैल करत आली होती, चिमटीत धरून कापड ओळखणं हे तिचं रोजचंच. तिने पहिल्या पोर्टमध्ये बोट घातलं. तिने डोळे मिटले, आणि हेडमास्तरला ती आपल्यासारखीच दिसली, म्हणजे आपण पूर्वी दिसत असू तशी. "हे जीन्सच्या दुमडलेल्या शिवणीएवढं आहे," ती म्हणाली. "छान दणकट." "पुढचं." "हेही तेच. वर जरा कमी, पण तेच." मग तिसरं. इथे ती थांबली. बोट जरा मागे घेतलं, पुन्हा घातलं, वळणाच्या आतल्या अंगाला खाली सरकवलं. "इथे नाही हो," ती म्हणाली. "इथे शिवण संपली. हे अस्तर आहे." "नीट बघ." "नीटच बघतेय. अस्तराचं कापड आहे हे, दुसरं काही नाही. तुम्हाला नाही लागलं?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. "सकाळीही नव्हतं लागलं," तो म्हणाला. "तुझ्या कपाळाला. गरम नाही, गार नाही, काहीच नाही. मी उगाच बोललो, गार आहे म्हणून." "ठाऊक आहे मला," बायको म्हणाली. ती बोटं चादरीला पुसत होती. "ठाऊक आहे म्हणजे?" "म्हणजे ठाऊक आहे. कधीपासून चहा तुम्हाला उकळता देते मी, कपाला हात लागत नाही असा. म्हटलं, कधीतरी म्हणाल, भाजलं. तुम्ही आपले कप धरून पेपर वाचत बसता. बटणं लावून घेता आणि वर लाडात येता." हेडमास्तरने विचारलं, "मग गेलीस कशाला? घरी पडून राहायचं होतं." "तुम्ही गार आहे म्हणालात ना. मग घरात पडून तुम्हाला खोटं पाडू? वाटलं, दिवस निघेल कसातरी, संध्याकाळी उतरेल, तुमचा हात आपला खरा." ती दमून उशीला टेकली. एवढं बोलल्याने तिला धाप लागली होती. आपल्याला रडू येतंय हे हेडमास्तरला कळलं. इतक्या वर्षांत तो तिच्यासमोर रडला नव्हता, आताही त्याने ते गिळलं आणि हेडवरची धूळ अंगठ्याने पुसत बसला.

"आता ह्याचं काय?" तिने डोळे मिटूनच विचारलं. "तिसऱ्याला वेल्डरकडून पाण्याच्या बाजूने भर घालून घ्यावी लागेल. तो ओळखीचा आहे, करील. चौथ्याला मी हात लावणार नाही." "त्यांना सांगणार?" "उद्या सांगतो." "आत्ता सांगा," ती म्हणाली. "मी सकाळी गप्प बसले, तुम्ही सकाळी गप्प बसलात, झालं काय त्याचं?" हेडमास्तरने फोन काढला. ड्रायव्हर ड्युटीवर असावा, मागे गाडीचा आवाज येत होता. हेडमास्तर उभा राहिला, परत बसला. "मास्तर बोलतोय. तुमच्या हेडची एक भिंत पातळ झालीय माझ्याकडून," तो म्हणाला. पलीकडून काही विचारलं गेलं. "किती म्हणजे, अस्तराएवढी." पुन्हा काही विचारलं गेलं. "नाही, दुरुस्त होईल, ते मी बघतो. तुम्हाला घाटात सोडणार नाही. पण चौथा पोर्ट दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. माझा हात गेलाय." हे वाक्य बोलून झाल्यावर त्याला ते दुसऱ्या कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं. ड्रायव्हर म्हणाला, डॉक्टरला दाखवलंत का मास्तर, मी घेऊन जातो हवं तर. हेडमास्तर म्हणाला, बघू. फोन ठेवला. उद्या दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला कळेल, हे त्याला ठाऊक होतं. बेकरीवाल्याला, जुळ्या भावांना, शिपायाला त्याआधी फोन करायला हवेत, हेही.

बाहेर अंधारायला लागलं होतं, पण दिवा लावायला दोघांपैकी कुणी उठलं नाही. तो थर्मामीटरकडे बघत होता ते तिने बघितलं. त्याने नळी उचलली, झाकण काढायचा प्रयत्न केला. ते बारीक होतं, बोटांत येईना. तिने ती त्याच्याकडून काढून घेतली आणि न उघडता उशीखाली सरकवली. मग त्याचा उजवा हात धरला, कपाळावरचा रुमाल बाजूला केला आणि तो हात तिथे ठेवला, वरून स्वतःचा दाबून. "सांगा," ती म्हणाली. हेडमास्तरने सवयीने डोळे मिटले. तो वाट बघत राहिला. मनगटाला, जिथे तिची बोटं होती, तिथे काहीतरी उबदार असल्याचा भास झाला, पण त्यावर आता त्याचा विश्वास नव्हता.

"मला कळत नाही," तो म्हणाला.

"आहे," बायको म्हणाली. "पण उतरतोय."

त्याने मान हलवली. हात तिने सोडला तरी त्याने तो काढला नाही.